साडेएकतीस नग

गाईला 'नग' म्हणायला मी लातुरात शिकले. आजही दुकानात कुणी "किती नग?" असं विचारलं की मला मळमळतं. घरच्यांना वाटतं हिला पित्त आहे. पित्त-बित्त काही नाही. राग आहे, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

मी मूळची नांदेडची. जुन्या गावात आमचं घर. अब्बा कलई करायचे, म्हणजे पितळेच्या भांड्यांना आतून कथील लावून द्यायचे. घरोघरी स्टील आलं आणि त्यांचा भाता आठवड्यातून दोन दिवस चालू लागला. मी बी.कॉम. केलं, स्टेशनजवळच्या एका क्लासात तीन महिने कॉम्प्युटरवरचा हिशेब शिकले, आणि नोकरी लागली ती लातूरला. तिथं माझी खाला, म्हणजे मावशी, राहायची म्हणून अब्बांनी जाऊ दिलं. निघताना एवढंच म्हणाले, "दुसऱ्याचं भांडं आपल्या घरात ठेवू नको, बेटी." अब्बांना लिहिता-वाचता यायचं नाही. पण शंभर घरांची भांडी दारात पडलेली असली तरी कुणाचं पातेलं कुणाकडं गेलं असं आमच्याकडं कधी झालं नाही. पोचा बघून ओळखायचे.

भूकंपाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. लातुरात दोन धंद्यांना ऊत आला होता, एक क्लासचा आणि दुसरा क्लासच्या पोरांना खोल्या देण्याचा. भिंत दिसली की तिच्यावर बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो. लोकांनी जिन्याखालच्या खोल्यासुद्धा खाटेच्या हिशेबानं भाड्यानं दिल्या होत्या. मी ज्यांच्याकडं हिशेब ठेवायला लागले, ते फिजिक्स शिकवायचे. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं. त्यांचा क्लास जोरात होता आणि फी रोख यायची. सर बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचे आणि त्याच बोटांनी, पेढ्याचा तुकडा मोडून, "घ्या मॅडम, प्रसाद" म्हणून माझ्या हातावर ठेवायचे. तो पेढा मी रुमालात गुंडाळायची आणि खालाच्या गल्लीतल्या कोंबड्यांना टाकायची. कोंबड्या काही बघत नाहीत.

सरांचा शहराबाहेर एक गोठा होता. एकतीस संकरित गायी, मोठाल्या, काळ्या-पांढऱ्या. एके दिवशी त्यांचे सीए साहेब येऊन म्हणाले, गोठा हिशेबात दिसला पाहिजे. हे का, ते मला कुणी सांगितलं नाही, पण मी काही दूधखुळी नव्हते. ज्या फीची पावती फाडली जात नव्हती ती दुधाची कमाई म्हणून दाखवायची होती, आणि त्याला कागदावर गायी लागत होत्या. खऱ्या गायी होत्याच, त्या आता कॉम्प्युटरात घालायच्या होत्या.

आमचा प्रोग्रॅम दुकानदारासाठी बनवलेला. तो विचारायचा, माल कोणता? गट कोणता? माप काय, किलो, लिटर, डझन? मी सरांना विचारलं, गाईचं माप काय लिहू? ते मान वर न करता म्हणाले, "नग टाका." मग गाय झाली माल. वासरू जन्मलं की 'उत्पादन'. गाय मेली की 'खराब माल'. दूध आटलेली गाय कुठं टाकायची, हे विचारलं तर सीए साहेब म्हणाले, "जुना साठा." आणि हसले. त्यांच्या दातांत सुपारी अडकलेली होती. ती त्यांनी जिभेनं काढली, नखावर घेऊन बघितली आणि परत खाल्ली. शी! मला त्या माणसाचं अजून दुसरं काही आठवत नाही.

"आणि गोऱ्हा झाला तर तो हिशेबात टाकायचा नाही," सर म्हणाले. "पंधरा दिवसांनी असला तर बघू."

'असला तर' म्हणजे काय ते मला पुढच्या शनिवारी समजलं. दर शनिवारी मी ऑटोनं गोठ्यावर जाऊन मोजणी करायची असं ठरलं होतं. गोठा समोरून झकास होता. सिमेंटची गव्हाण, पंखे, दारात देवाचा फोटो. मागच्या बाजूला कडब्याच्या गंजीआड दोन गोऱ्हे बांधलेले. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. डोळ्यांवर माशा बसल्या होत्या आणि त्या हाकलायला मान हलवण्याइतकीही ताकद त्यांच्यात नव्हती. दूध लिटरवर विकलं जात होतं, मग गोऱ्ह्याला कोण पाजणार? दुसऱ्या शनिवारी ते दोन्ही नव्हते. माझ्या हिशेबात ते कधी जन्मलेच नव्हते, त्यामुळं मेलेही नाहीत. मी बांधाच्या कडेला जाऊन ओकले. मग तोंड धुतलं आणि आकडे घ्यायला परत आले. नोकरी सोडली नाही, हे लिहून ठेवते, नाहीतर मी फार मोठी माणुसकीची असं वाटायचं कुणाला.

गोठ्यावर एक म्हातारा गडी होता. त्याला सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणायची. किल्लारीकडचा माणूस. भूकंपात बायको गेली, घर गेलं. तो वाचला कारण त्याच्या म्हशीला फुगारा झाला होता, पोट फुगलं होतं, आणि तो तिच्याजवळ बाहेर बसला होता. मी पहिल्यांदा वही काढली तेव्हा तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि एकेका गाईबद्दल सांगत गेला. ही लाथाडी हाय, ही खादाड, ही डाव्या सडानं दूध चोरते. प्रोग्रॅमात हे लिहायला जागा नव्हती. मी कानातल्या बिल्ल्याचा नंबर तेवढा लिहून घेत होते.

एकतीस झाल्या. सगळ्यात शेवटी, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, एक देवणी, इकडची गावरान गाय, उभी होती. पांढरी, अंगावर काळे मोठे डाग, लोंबत्या कानांची. तिच्या कानात बिल्ला नव्हता. गळ्यात दावं होतं, जाड, अंबाडीचं, मामांनी स्वतः वळलेलं. गाभण होती.

"हिचं जरा नीट लिव, माय," मामा म्हणाले. "ही अर्धलीची हाय."

अर्धली म्हणजे काय हे मला अब्बांच्या गिऱ्हाइकांमुळं माहीत होतं. एकानं वासरू द्यायचं, दुसऱ्यानं पोसून वाढवायचं. मोठं झालं की जनावर दोघांचं, निम्मं-निम्मं. पहिलं वासरू देणाऱ्याचं, दुसरं पोसणाऱ्याचं. कागद नाही, साक्षीदार नाही, जबान. भूकंपानंतर सरांच्या वडिलांनी ही कालवड मामांना अर्धलीनं दिली होती. मामांना सरकारनं नव्या वसाहतीत घर दिलं होतं, ओळीतलं, पण तिथं जनावर बांधायला वीतभर जागा नव्हती. म्हणून सरांचे वडील वारले आणि सरांनी हा गोठा घातला तेव्हा मामा गाय घेऊनच इथं कामाला आले. पहिलं वासरू गोऱ्हा झाला, तो सरांनी नेला. आता पोटात होतं ते मामांचं.

"भूकंपात माझे दोन बैल मेले," मामा म्हणाले. "तेबी अर्धलीचेच. पंचनाम्याला मानूस आला, म्हनला, जनावर कुनाचं? मी म्हनलं, अर्धं माझं, अर्धं गावच्या पाटलाचं. तो म्हनला, अर्धं-बिर्धं लिवता येत न्हाई. पाटलाचं नाव लिवलं. भरपाई पाटलाला गेली. मला लई बोलता येत न्हाई माय, म्हनून तुला सांगायलो. ह्या डावाला लिवून ठेव. ही गाय अर्धी माझी, अन् पोटातलं सगळं माझं."

मी म्हटलं, "लिहिते, मामा. काळजी करू नका." किती ऐटीत म्हटलं होतं! कॉम्प्युटर शिकलेली होते ना मी.

आणि खरंच लिहिलं. प्रोग्रॅमात मापाला दशांश द्यायची सोय होती. मी 'नग'ला एक दशांश दिला आणि देवणीपुढं टाकलं, शून्य पूर्णांक पाच. बेरीज आली साडेएकतीस. मला त्या आकड्याचा अभिमान वाटला होता. प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

सीए साहेबांनी ती बघितली आणि खो खो हसत सुटले. "साडेएकतीस गायी! अहो मॅडम, अर्धी कोणती? पुढची का मागची?" सरही हसले. मी अर्धलीचं सांगितलं तसं सरांचं हसू थांबलं. म्हणाले, "ते आमच्या वडिलांचं नि मामाचं तोंडी आहे. तोंडी आहे ते तोंडी राहू द्या. इन्कमटॅक्सवाला अर्धी गाय बघून आख्ख्या क्लासचा हिशेब उघडायला लावेल. राउंड ऑफ करा."

मी पाचाच्या जागी एक टाकला. बत्तीस. दोन सेकंदांचं काम. खाली शेरा लिहायची एक चौकट होती, तिथं "अर्धी मामांची, दुसरं वासरू मामांचं" एवढं लिहिता आलं असतं. लिहायला हातही गेला होता. तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टर चिरकायला लागला, आणि मी सेव्ह करून बंद केलं. लाइटचं निमित्त मी अजूनही स्वतःला सांगते. लाइट तासाभरात आली होती.

त्या शनिवारी मामांनी विचारलं, "लिवलीस का, माय?"

मी म्हटलं, "हाव मामा, लिहिलं."

हे मी खोटं बोलले. बिनदिक्कत, डोळ्यांत बघून. म्हाताऱ्याला वाचता येत नाही, त्याला कशाला घोर, असं मनाशी म्हटलं. मामांनी त्या दिवशी मला तांब्याभर दूध दिलं. त्याच देवणीचं, आटायच्या बेतात असलेलं शेवटचं, घट्ट. मी उभ्या उभ्या प्यायले. त्या दुधाची किळस मला आज येते, तेव्हा आली नाही. तेव्हा गोड लागलं होतं.

दोन महिन्यांत सरांनी गोठा मोडायचं ठरवलं. क्लासला पोरं मावेनात. नांदेड, बीड, परभणी, कुठून कुठून आईबाप पोरांचे बोचके घेऊन येत होते. सरांनी जागा मोजली आणि गोठ्याच्या शेडमध्ये वसतिगृह करायचं काढलं. गव्हाणी फोडायच्या, मधे प्लायवूड लावायचं, पंखे होतेच. "शंभर पोरं सहज बसतात," ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी पोरांनाही नगच म्हटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

कर्नाटकाच्या बाजूचा एक व्यापारी आला. त्यानं माझी प्रिंट मागितली आणि त्या यादीवरच सौदा झाला, बत्तीस नग, उक्ते.

ट्रक आले त्या सकाळी सरांनी मला यादी घेऊन गोठ्यावर उभं केलं. गाय फळीवरून चढली की मी नंबरावर टिक करायची. संकरित गायी शेपटी पिरगाळली की चढत होत्या. फळीवर शेण पडत होतं, त्यावर खूर घसरत होते, एकीचा गुडघा फुटला. सर नाकाला रुमाल लावून लांब उभे. एकतीस चढल्या. व्यापाऱ्याचा माणूस देवणीकडं गेला तसे मामा तिच्या पुढं येऊन उभे राहिले.

"ही न्हाई," ते म्हणाले. "ही अर्धी माझी हाय. अन् पोटातलं सगळं माझं हाय. हिला सोडा."

व्यापारी सरांकडं बघायला लागला. "सर, बत्तीसचा पैसा दिलाय मी."

सर जवळ आले. ओरडले नाहीत, हेच तर! ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे, वर्गात फळ्यावर गणित सोडवतात तसे, म्हणाले, "मामा, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. मॅडमनं तुमच्याकडूनच एकेक विचारून लिहिलंय ना? मॅडम, यादी बघा. मामांचं काही आहे का?"

मामांचा चेहरा केवढा खुलला! ते माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, "हाव, सांग माय. तू लिवलंयस ना."

मी यादी बघितली. बघायची गरज नव्हती, पण कागदावर डोळे ठेवायला जागा असते. बत्तिसावी ओळ. देवणी. नग, एक. शेऱ्याची चौकट रिकामी.

"यादीत नाही, सर," मी म्हटलं.

तिथं कितीतरी बोलता आलं असतं. सर तुम्हीच खोडायला लावलंत, मामा खरं बोलतात, तुमच्या वडिलांची जबान आहे. पण महिना भरायला सहा दिवस होते, आणि मी बोलले ती तीन शब्दांची ओळ, जी खरी होती. खरं बोलूनही माणूस इतका नीच होऊ शकतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"तू तर म्हनलीस लिवलं," मामा एवढंच म्हणाले. शिवी नाही, शाप नाही.

देवणी चढेना. अनोळखी माणूस जवळ गेला की शिंगं खाली करायची. गाभण जनावर, मारायलाही व्यापारी भीत होता. शेवटी सर म्हणाले, आणि हे ऐकून मला त्यांच्या अंगावर थुंकावंसं वाटलं, "मामा, तुमचं ऐकते ती. जरा चढवून द्या."

मामांनी चढवली. तिच्या मानेवर हात ठेवून, जिभेनं चुक् चुक् करत, फळीवरून वर नेली. ती त्यांच्या मागं मुकाट गेली. मग त्यांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडलं. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते धन्याकडंच राहतं. व्यापाऱ्यालाही हे माहीत होतं. त्यानं काही न बोलता आपली नायलॉनची दोरी पुढं केली. सर म्हणाले, "असू दे, असू दे, घेऊ दे दावं." जसं काही खैरात करत होते! मामा ते दावं खांद्यावर टाकून खाली उतरले. मी बत्तिसाव्या ओळीवर टिक केली. हो, केली.

मामा त्याच दिवशी काम सोडून गावी गेले. मी पुढं एकदा किल्लारीच्या जीपमध्ये बसले होते. पर्समध्ये एका महिन्याचा पगार ठेवला होता. त्यांच्या वसाहतीच्या फाट्यावर उतरले, झाडाखाली अर्धा तास थांबले आणि समोरून आलेल्या दुसऱ्या जीपनं परत फिरले. काय सांगणार होते? ईदला नांदेडला गेले तेव्हा अब्बांना सगळं सांगितलं. ते भाता साफ करत होते. हात न थांबवता म्हणाले, "मी अनपढ होतो म्हणून बरं होतं की काय?" त्या रात्री मी जेवले नाही. अम्मीनंही आग्रह केला नाही.

मार्चमध्ये वर्षाचा हिशेब बंद करायला बसले. गायींचं खातं उघडलं आणि सुरुवातीचा आकडा बदलला. बत्तीसचे पुन्हा साडेएकतीस केले. विक्री बत्तीसच होती, तिला हात लावला नाही. प्रोग्रॅमनं हूं की चूं न करता खाली लाल अक्षरांत शिल्लक दाखवली, वजा शून्य पूर्णांक पाच. तशीच प्रिंट काढली आणि टेबलावर ठेवली.

सीए साहेबांना ती लगेच दिसली. "मॅडम, गोठा तर मोडला. मग ही वजा अर्धी गाय कुठून आली?"

"आपल्या साडेएकतीस होत्या, सर," मी म्हटलं. "आपण बत्तीस विकल्या."

शेजारच्या वर्गात पोरं कसलंतरी सूत्र एका सुरात घोकत होती. सीए साहेबांनी सरांकडं बघितलं. सरांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि म्हणाले, "राउंड ऑफ करा."

मी नाही केलं. खुर्चीवरून उठले, पर्स घेतली आणि बाहेर पडले. शाबासकी नको. मामांना त्यातून दावं सोडून काही मिळालं नाही, आणि वासराचं काय झालं मला माहीत नाही. सोमवारी माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली असेल, तीन महिन्यांचा कोर्स केलेली, घरची गरज असलेली. तिला सरांनी पेढा दिला असेल. तिनं त्या अर्ध्याचं शून्य केलं असेल, दोन सेकंदांत. मी तिला बोल लावत नाही. मीही केलंच होतं.